सौदा आणि स्नेह

सोयऱ्याशी सौदा करू नये आणि सौद्यात सोयरीक आणू नये, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत. देण्याघेण्याचा हिशेब एकदा मध्ये आला की चांगली चांगली घरे दुरावतात, हा त्यांचा अनुभव. उलट दुकानदार फार जिव्हाळ्याने बोलू लागला की गिऱ्हाईक सावध होते. आता मापात काही तरी कमी पडणार, अशी शंका त्याच्या मनात येते. सारांश, स्नेहाने माजघरात बसावे, सौद्याने ओसरीवर बसावे आणि दोहोंच्या मध्ये उंबरठा असावा, अशी आपली जुनी व्यवस्था आहे. ती शहाणपणाची आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु नेमक्या त्या उंबरठ्यावरच बैठक मांडून शंभराहून अधिक वर्षे बसलेल्या काही संस्था जगात आहेत. जपान आणि अमेरिका या दोन देशांतील माणसांनी मिळून चालविलेली ती मैत्री-मंडळे होत. मैत्री वाढवावी आणि व्यापारही वाढवावा, हे दोन्ही हेतू ती उघडपणे सांगतात.

या मंडळांविषयी मला कुतूहल वाटू लागले ते वर्गातील एका प्रश्नामुळे. गेल्या पावसाळ्यात दुसरे महायुद्ध शिकविताना मी ओघात त्यांचा उल्लेख केला. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, शेवटी युद्ध झालेच ना? मग त्या मंडळांनी इतकी वर्षे केले तरी काय?" प्रश्न सरळ होता. अशा प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. तास संपत आला होता, म्हणून मी तिला म्हटले, "याचे उत्तर मी लिहून देईन." तेच आज आपल्या वार्षिकाच्या निमित्ताने लिहीत आहे.

या दोन देशांची पहिली ओळख समुद्राने करून दिली. १८४१ साली पाच जपानी कोळी वादळात सापडून एका निर्जन बेटावर जाऊन पडले. त्यांच्यात चौदा वर्षांचा मानजिरो नावाचा मुलगा होता. जॉन हाउलंड या अमेरिकन देवमासेमारी जहाजाने त्या पाचांना वाचविले. जहाजाचा कप्तान विल्यम व्हिटफील्ड याला हा चुणचुणीत मुलगा आवडला. त्याने त्याला मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन या आपल्या गावी नेले, शाळेत घातले आणि नौकानयनाचे शिक्षण दिले. त्या काळी परदेशी जाऊन परतणाऱ्या जपानी माणसाला देहदंडाची भीती होती. तरीही १८५१ मध्ये मानजिरो मायदेशी परतला. त्याची कसून चौकशी झाली. पण लवकरच इंग्रजी जाणणारा तो माणूस राज्यकर्त्यांना बहुमोल वाटू लागला. १८६० साली जपानचे कानरिन मारू हे जहाज पॅसिफिक ओलांडून अमेरिकेस गेले, तेव्हा मानजिरो त्यावर दुभाष्या होता.

दुसरी ओळख निराळ्या रीतीने झाली. १८५३ साली कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागरात शिरला आणि त्याने जपानची बंद दारे ठोठावली. पुढील वर्षी तह झाला. म्हणजे एकीकडे बुडत्याला दिलेला हात आणि दुसरीकडे तोफांच्या छायेत मागितलेली बंदरे, अशा दोन प्रसंगांतून हे नाते जन्मास आले. पुढील सर्व इतिहासात हे दोन्ही सूर आळीपाळीने ऐकू येतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मंडळे निघू लागली. बोस्टनचे मंडळ १९०४ सालचे, सॅन फ्रान्सिस्कोचे १९०५ चे, न्यूयॉर्कचे १९०७ चे आणि लॉस एंजेलिसचे १९०९ चे. टोकियोतही १९१७ साली असेच मंडळ स्थापन झाले आणि हार्वर्डमध्ये शिकलेले कानेको केंतारो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या वेळी अमेरिकेत जाणाऱ्या जपानी मालात कच्च्या रेशमाचा वाटा सर्वांत मोठा होता. रेशीम विकणारे, चहा विकणारे, जहाजे चालविणारे आणि त्यांना पैसा पुरविणारे यांची एकमेकांशी नित्य गाठ पडे. पण एकमेकांचे मन त्यांना उमगत नसे. ही उणीव भरून काढावी, असे काही समंजस माणसांना वाटले.

या मंडळांची रचना समजून घेण्यासारखी आहे. ती सरकारी नव्हेत आणि दुकानेही नव्हेत. सभासदांची वर्गणी, कंपन्यांच्या देणग्या आणि कार्यक्रमांचे शुल्क यांवर त्यांचा खर्च भागतो. शिल्लक उरली तर ती कोणी वाटून घ्यावयाची नाही. ती पुन्हा कामातच घालावयाची. एकाच यादीत प्राध्यापक, चित्रकार आणि विद्यार्थी यांच्या शेजारी बँका आणि मोटारींचे कारखाने यांची नावे असतात. भाषेचे वर्ग, व्याख्याने, प्रदर्शने, मेजवान्या, नव्याने आलेल्या कुटुंबाला मार्गदर्शन आणि व्यापाऱ्यांच्या परस्पर ओळखी ही त्यांची नित्याची कामे.

यात व्यापाराचा लाभ काय, असे कोणी विचारील. एक लहानसे उदाहरण देते. जपानी माणूस संभाषणात वारंवार 'हाय' म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'होय'. पण पुष्कळदा त्याला एवढेच सुचवावयाचे असते की, आपले म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकत आहे. नवखा अमेरिकन व्यापारी तो होकार समजतो, आनंदाने घरी जातो आणि पुढे नकार आला की फसविले म्हणून संतापतो. आम्हा गोवेकरांना हे नवल वाटू नये. आमच्या कोकणीत कोणी 'पळोवया' म्हटले, तर काम होणार की नाही हे शब्दावरून कळत नाही. ते सुरावरून ओळखावे लागते. तो सूर ओळखावयास शिकविणारे कोणी तरी हवे असते. घरी कोकणी बोलून शाळेत मराठीतून शिकलेल्या आम्हा मुलांना हे लहानपणीच समजले होते. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचे काम शब्द पोहोचविण्याचे असते आणि शब्दामागील मन पोहोचविण्याचेही असते.

आता अडचणींकडे वळू. १९०६ च्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. जपानने त्या वेळी सुमारे अडीच लाख डॉलरची मदत पाठविली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच शहराच्या शिक्षण मंडळाने ठराव केला की, जपानी मुलांनी गोऱ्या मुलांच्या शाळेत बसू नये. त्यांनी आशियाई मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळेत जावे. शहरातील सर्व शाळांत मिळून अशी मुले शंभरही नव्हती. एवढ्याशा मुलांवरून दोन राष्ट्रांत तेढ निर्माण झाली. अखेर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मध्यस्थी करून ठराव मागे घ्यावयास लाविला. त्याच्या बदल्यात जपानने आपल्या मजुरांचे अमेरिकेस जाणे आवरते घेतले. शाळेच्या दारात मुलाला अडविले की त्याचे पडसाद किती दूरवर उमटतात, हे शाळेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला विशेष जाणवते.

हा दुरावा मिटविण्यासाठी पुढे आलेल्या माणसांत शिबुसावा एइची यांचे नाव अग्रभागी आहे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या गृहस्थाने १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक उभी केली आणि सुमारे पाचशे उद्योगांच्या स्थापनेस हातभार लाविला. व्यापार आणि नीती या दोहोंची फारकत होता कामा नये, हे त्यांचे आयुष्यभराचे सांगणे होते. १९०९ साली ते जपानी व्यापाऱ्यांचे एक मोठे शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेस गेले आणि सुमारे तीन महिने आगगाडीने गावोगाव हिंडले. कारखाने पाहिले, शाळा पाहिल्या, सामान्य माणसांना भेटले. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

न्यूयॉर्कमध्ये त्याच काळी डॉ. जोकिची ताकामिने हे रसायनशास्त्रज्ञ राहत असत. तेथील मंडळाच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. वॉशिंग्टन शहरातील चेरीच्या फुलांची कीर्ती आपण ऐकली असेल. त्या झाडांच्या देणगीमागेही त्यांचे औदार्य होते. टोकियोहून १९१० साली आलेली पहिली दोन हजार झाडे किडीने ग्रासलेली निघाली आणि ती जाळून टाकावी लागली. देणगी जाळली गेली म्हणजे रुसवा आलाच, असे कोणासही वाटेल. पण टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी मनास लावून न घेता दुसऱ्यांदा झाडे पाठविली. १९१२ साली ३,०२० निरोगी झाडे पोहोचली आणि २७ मार्च रोजी त्यांतील पहिली दोन समारंभाने लावण्यात आली.

तथापि १९२४ साली अमेरिकेने जो कायदा केला त्याने जपानी लोकांना त्या देशात वसावयास येण्याची जवळजवळ पूर्ण बंदी झाली. जपानमध्ये त्याची जखम खोल गेली. मंडळांचे आर्जव, पत्रे, ठराव सारे व्यर्थ ठरले. अशा वेळी सिडनी गुलिक या धर्मोपदेशकाने मुलांकडे वळावयाचे ठरविले. त्याने जपानात अनेक वर्षे काढली होती. जपानात ३ मार्चला बाहुल्यांचा सण असतो. १९२७ सालच्या त्या सणासाठी अमेरिकेतील मुलांनी वर्गणी जमवून १२,७३९ बाहुल्या जपानला पाठविल्या. प्रत्येक बाहुलीजवळ तिचा छोटासा पासपोर्ट होता. माणसांना दार बंद झाले होते. बाहुल्या मात्र परवाना घेऊन गेल्या! जपानकडून शिबुसावा यांनी पुढाकार घेतला. ते तेव्हा सत्तरी कधीच ओलांडून ऐंशीच्या घरात होते. जपानी मुलांनीही पैसे जमविले आणि उत्तम कारागिरांनी घडविलेल्या ५८ बाहुल्या त्याच वर्षी अमेरिकेस रवाना झाल्या.

चौदा वर्षांनी, डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. मंडळांच्या बैठका थांबल्या. वॉशिंग्टनमधील चार चेरीची झाडे कोणी तरी रागाने तोडून टाकली. अमेरिकेत १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. जपानात निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. पुष्कळ शाळांतून त्या जाळण्यात आल्या, भाल्यांनी भोसकण्यात आल्या.

आणि याच सुमारास या कथेचा धागा आमच्या गोव्याला येऊन मिळतो. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे शत्रुदेशांत अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल करण्यासाठी मुरगाव बंदर निवडण्यात आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानचे तेइआ मारू आणि अमेरिकेने भाड्याने घेतलेले स्वीडनचे ग्रिप्सहोम अशी दोन प्रचंड जहाजे तेथे येऊन लागली. एकावर चीन, जपान, फिलिपाइन्स येथून आणलेले अमेरिकन आणि इतर पाश्चात्त्य होते. दुसऱ्यावर अमेरिका खंडातून आणलेले जपानी होते. दोन्ही बाजूंना सुमारे दीड हजार माणसे. १९ ऑक्टोबर रोजी ती एका जहाजातून उतरून दुसऱ्यात गेली. धर्मोपदेशक, व्यापारी, शिक्षक, बायका, मुले. एका माणसाबद्दल एक माणूस, असा तो चोख हिशेब होता. आमचे आजोबा त्या वेळी अकरा वर्षांचे होते आणि वास्कोला राहत. "टेकडीवरून जहाजे दिसायची, पण जवळ कोणी जाऊ देत नसे. एवढी माणसे आली आणि गेली, पण बंदरावर ओरडा म्हणून ऐकू आला नाही," असे ते सांगत. स्नेह आटला आणि सौदाही थांबला की माणसांची मोजदाद कशी करावी लागते, हे या एका दिवसाने दाखविले. त्या दिवशी ग्रिप्सहोमवरून तेइआ मारूवर रेड क्रॉसची औषधे आणि अन्नही चढविण्यात आले; ते जपानच्या ताब्यातील कैद्यांसाठी होते.

यानंतर हिरोशिमा आणि नागासाकी. त्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. आपण ते पाठ्यपुस्तकात वाचले आहे आणि जे वाचले आहे ते पुरेसे भयंकर आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. मंडळांनी युद्ध थांबविले नाही. थांबविणे त्यांच्या आवाक्यातही नव्हते. तोफा ज्यांच्या हाती असतात ती माणसे चहापानाच्या सभेत ऐकलेल्या भाषणाने बदलत नाहीत. त्यांच्यात एक अंगचा दुबळेपणाही होता, तो लपविण्यात अर्थ नाही. ज्याच्या वर्गणीवर संस्था चालते त्याच्या चुकीवर बोट ठेवणे तिला जड जाते. मैत्रीच्या सभेत कटू बोलू नये असा शिष्टाचार असतो, आणि कटू बोलावयाचेच नसेल तर पुष्कळ खरे बोलावयाचे राहून जाते. श्रीमंतांच्या मेजवानीत रेशमाची स्तुती होत असता, शेतात राबणाऱ्या जपानी मजुराचे गाऱ्हाणे कोणी मांडावयाचे?

पण युद्ध संपल्यावर काय झाले तेही पाहावे. बाहुल्या नष्ट करण्याची वेळ आली तेव्हा जपानातील काही शिक्षकांनी आपल्या शाळेतील बाहुली माळ्यावर, कपाटाच्या मागे, कोठे तरी लपवून ठेविली होती. अशा सुमारे तीनशे बाहुल्या आज शिल्लक आहेत. त्या शिक्षकांना युद्ध थांबविता आले नाही. परंतु एका निर्जीव खेळण्याला शत्रू म्हणण्याचे त्यांनी नाकारले. हे लहान धैर्य नव्हे. १९५२ साली जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी न्यूयॉर्कच्या मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि ती संस्था पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी टोकियोजवळच्या अराकावा नदीकाठच्या चेरीच्या राईसाठी वॉशिंग्टनहून कलमांच्या काड्या पाठविण्यात आल्या. वॉशिंग्टनची झाडे मुळात त्याच राईच्या वंशातील होती. युद्धाच्या काळात मूळ राईची दुर्दशा झाली, तेव्हा लेकीच्या घरून माहेरी रोप आले. १९५५ साली नागासाकी आणि अमेरिकेतील सेंट पॉल ही शहरे भगिनी-नगरे झाली. ज्या शहरावर दहा वर्षांपूर्वी अणुबॉम्ब पडला होता, त्या शहराने अमेरिकेतील शहराचा हात धरावा, यासाठी दोन्हीकडे आधीपासून ओळखीची माणसे असावी लागतात. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मंडळाने जुनझो योशिमुरा या जपानी वास्तुशिल्पकाराकडून आपली वास्तू बांधून घेतली. छावण्यांत डांबलेल्या माणसांची अमेरिकन सरकारने १९८८ साली कायद्याने क्षमा मागितली.

पुढे सौद्यातच वितुष्ट आले. १९८० च्या सुमारास जपानी मोटारी अमेरिकेत इतक्या खपू लागल्या की तेथील कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि लोकांनी भर चौकात जपानी मोटारींवर हातोडे घातले. पुन्हा शत्रुत्वाची भाषा सुरू झाली. परंतु या वेळी वाट निराळी निघाली. १९८२ साली होंडाने ओहायोतील मेरिसव्हिल येथे मोटारी बनविण्यास प्रारंभ केला आणि १९८८ साली टोयोटाने केंटकीतील जॉर्जटाउन येथे. जेथे कारखाने गेले तेथे जपानी अभियंत्यांची कुटुंबेही गेली. आणि ओहायो, इंडियाना, केंटकी अशा शेतकरी मुलखातही मैत्री-मंडळांचे काम चालू झाले. नव्याने आलेल्या जपानी आईला दवाखान्यात काय बोलावे हे सांगणे, मुलांच्या शनिवारच्या जपानी शाळेला साहाय्य करणे, अमेरिकन कामगाराला जपानी वरिष्ठाचे मौन समजावून देणे, अशी ही कामे. वर्तमानपत्रात त्यांची बातमी येत नाही. आज अमेरिकेत अशी तीसहून अधिक मंडळे आहेत.

म्हणून माझे उत्तर असे आहे. मैत्री-मंडळ हे धरण नव्हे. पूर आला की तो त्याला अडविता येत नाही. ते साकवासारखे आहे. पुरात साकव वाहून जातो, पण पाणी ओसरल्यावर तो कोठे होता हे गावकऱ्यांना ठाऊक असते आणि त्याच जागी पुन्हा खांब रोविता येतात. जेथे साकव कधी नव्हताच, तेथे दोन्ही काठांवरील माणसे नुसती एकमेकांकडे पाहत राहतात. आणि स्नेहाचा हिशेब एका पिढीत मिटत नाही. कप्तान व्हिटफील्डचे फेअरहेवन येथील जुने घर मोडकळीस आले होते. जपानी लोकांनी वर्गणी जमवून ते सावरले आणि २००९ साली त्या गावाला अर्पण केले. एका मुलाला समुद्रातून वर काढल्याला तेव्हा १६८ वर्षे झाली होती.

या लेखाच्या निमित्ताने मला आमच्या वडिलांचे बोलणे वारंवार आठवले. ते खनिजाच्या बार्जवर काम करीत. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिज मुरगावला न्यावयाचे आणि मोठ्या जहाजात भरावयाचे. १९५० नंतर अनेक दशके गोव्याच्या खनिजाचा मोठा ग्राहक जपान होता. "आमची माती जपानला जाते," असे ते सांगत, आणि आम्ही मुले नकाशावर जपान शोधीत असू. आमच्या डोंगरांच्या मातीचे तेथे पोलाद होई. इतका जुना आणि इतका मोठा हा सौदा! पण त्या पोलादाचे पुढे काय होई, ते घडविणाऱ्या कामगाराची मुले कोणत्या शाळेत जात, त्यांना गोवा हे नाव तरी ठाऊक होते का, हे आमच्या गावात कोणी विचारले नाही. जहाजे भरली, पैसे चुकते झाले, जहाजे गेली. हिशेब चोख राहिला आणि ओळख मात्र झाली नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या व्यापारात जातील, जहाजांवर जातील, परदेशी नोकरी करतील. सौदा करावयास कोणी ना कोणी शिकवीलच; ज्याच्याशी सौदा केला त्याची भाषा, त्याचा सण, त्याच्या मुलांची नावे विचारण्याचे शिक्षण मात्र स्वतःच घ्यावे लागते. मुरगावला आजही दूरदेशीची जहाजे लागतात. त्यांवरील खलाशी बाजारात भाजी घेताना भेटला आणि त्याने मोडक्या भाषेत काही विचारले, तर भाव सांगून थांबू नका. तो कोणत्या गावचा, तेही विचारा.